औषधी पट्टी जंतू मारते? मग पुरावा पाहू या



मागच्या पावसाळ्यात आमच्या आरोग्य गटाकडे वस्तीतले एक भाऊ आले. कंत्राटी सफाई कामगार, पन्नाशीच्या आतले, बरीच वर्षे शुगर असलेले. कचरा उचलताना फुटक्या काचेने पायाच्या करंगळीजवळ कापले होते. शुगरमुळे पाय बधिर, म्हणून दुखले नाही. दुखले नाही म्हणून चार दिवस कोणी नीट पाहिलेही नाही. सोबत आलेल्या वहिनींच्या हातात एक चकचकीत पाकीट होते. आत औषध भरलेली, जखमेवरच हळूहळू विरघळून जाणारी पातळ पट्टी. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ९९.९ टक्के जंतूंचा नाश. बचत गटातून उसने पैसे काढून ती विकत घेतली होती.

वहिनींनी विचारले, "सिस्टर, ही लावली तर दवाखान्यात नाही गेलं तरी चालेल ना?"

आम्ही पाकीट वाचले आणि मान हलवली. "पट्टी चांगली दिसते. लावून पाहा, नाही उतरलं तर दवाखान्यात जा," असे आम्हीच सांगितले. बारा दिवसांनी भाऊ सरकारी दवाखान्यात भरती झाले. दोन बोटे काढावी लागली. तिथे पुवाची तपासणी झाली. त्या पट्टीत जे प्रतिजैविक होते, नेमके त्याच्यासमोर रिपोर्टवर 'आर' लिहिले होते. म्हणजे भाऊंच्या जखमेतले जंतू त्या औषधाला जुमानत नव्हते.

पट्टी बनावट होती असे आम्ही म्हणत नाही. कदाचित प्रयोगशाळेत तिने खरोखर जंतू मारले असतील. चूक आमची होती. "मारते" हा शब्द वाचला आणि कोणते जंतू, कुठे, किती दिवस, हे विचारलेच नाही. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काहीही मानू नका, स्वतः तपासा. विहारात हे आपण अनेकदा ऐकतो. मेडिकलच्या काउंटरवर मात्र विसरतो. म्हणून या वेळी आरोग्य पानावर अशा पट्टीची परीक्षा प्रयोगशाळेत कशी होते, ते समजून घेऊ या.

ही पट्टी असते तरी काय?

पॉलिमर म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. एकच लहान रेणू हजारो वेळा जोडला की माळ तयार होते. आपल्या घरातली प्लास्टिकची पिशवी हीसुद्धा अशीच माळ, पण ती वर्षानुवर्षे तुटत नाही. काही माळा मात्र अशा असतात, की शरीरातल्या ओलाव्याने किंवा शरीरातल्या पाचक द्रव्यांनी त्यांचा एकेक मणी सुटत जातो. यांना जैवविघटनशील पॉलिमर म्हणतात.

ऑपरेशननंतर आतले टाके आपोआप विरघळतात, हे आपण ऐकलेले असते. त्यातला बराचसा धागा अशाच पॉलिमरचा असतो. लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल यांच्या रेणूंची ती माळ. दह्याला आंबटपणा देणारे ते हेच लॅक्टिक आम्ल. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून कायटोसान मिळते, जनावरांच्या कातडी-हाडांपासून जिलेटिन आणि कोलॅजेन मिळते. यांच्याही पट्ट्या बनतात.

पट्टी बनवताना पॉलिमर योग्य द्रवात विरघळवतात, त्यात औषध मिसळतात, सपाट भांड्यात पातळ ओततात आणि वाळू देतात. उन्हाळ्यात कुरडईचा चीक पसरून पापड्या घालतो, तसाच प्रकार. वाळलेला पापुद्रा जखमेवर ठेवला की ओल शोषतो, फुगतो, झिजतो आणि आतले औषध थोडे थोडे सोडतो. फायदा उघड आहे. औषध जिथे हवे तिथेच मिळते, गोळीसारखे सगळ्या अंगात फिरत नाही, आणि पट्टी ओढून काढताना नवी कातडी सोलली जात नाही.

परीक्षा पहिली : स्वच्छ वर्तुळ

पट्टी जंतूंना रोखते का, हे पाहण्याची सर्वांत जुनी आणि सोपी रीत म्हणजे वर्तुळाची. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले. तिथून पेनिसिलिन सापडले, हे आपण शाळेत शिकलो. आजची परीक्षा त्याच मोकळ्या जागेवर उभी आहे. १९६६ साली बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची ठरावीक पद्धत घालून दिली, ती आजही दवाखान्यांच्या लॅबमध्ये चालते.

बशीत जंतूंचे अन्न असलेली जेली ओततात. ही जेली समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगरची, म्हणजे आपण किराणा दुकानातून जे चायना ग्रास आणतो त्याचीच. जंतू वाढवायला अगर वापरा, हे १८८१ च्या सुमारास सुचवले ते फॅनी हेसे या बाईंनी, आपल्या स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून. त्यांचे पती रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. स्वयंपाकघरातले ज्ञान हेही ज्ञानच आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

जेलीची जाडी साधारण ४ मिलिमीटर. तिच्यावर जंतूंचे पाणी कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखे पसरतात. त्या पाण्यात एका मिलिलीटरला सुमारे १५ कोटी जंतू असतील, इतका त्याचा गढूळपणा आधी जुळवून घेतात. जंतू कमी घेतले तर वर्तुळ उगाच मोठे दिसेल, म्हणून हे मोजमाप. मग पट्टीचा ६ मिलिमीटरचा गोल तुकडा जेलीवर ठेवतात. बशी ३५ अंश सेल्सियसच्या आसपास १६ ते १८ तास ठेवतात. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंचा पांढुरका थर चढलेला असतो. औषध काम करीत असेल तर तुकड्याभोवती मात्र जेली स्वच्छ राहते. त्या वर्तुळाचा व्यास पट्टीने मोजतात.

हे वर्तुळ का तयार होते, ते आमच्या गटाने विहारात मुलांना दाखवले. चायना ग्रास पाण्यात शिजवून ताटलीत थापले आणि शाईत भिजवलेला कागदाचा गोल मधोमध ठेवला. तासाभरात शाई पसरू लागली. जवळ गडद, लांब फिकट. औषधही असेच पसरते. जिथपर्यंत ते जंतूंना रोखण्याइतके गडद, तिथपर्यंत स्वच्छ. तिथून पुढे जंतूंचे राज्य. हा शाईचा प्रयोग घरी जरूर करा. जंतू वाढवण्याचा प्रयोग मात्र घरी कधीही करू नका.

एका बशीत एकच तुकडा ठेवून भागत नाही. सोबत औषध न घातलेली कोरी पट्टीही ठेवावी लागते. कारण कायटोसान स्वतःच काही जंतूंना रोखते, आणि लॅक्टिक आम्लाची पट्टी झिजताना आंबटपणा सोडते. कोरी पट्टी शेजारी नसेल तर वर्तुळ औषधाचे की पापुद्र्याचे, हे कळणार नाही. तिसरा तुकडा ओळखीच्या औषधाचा कागदी गोल. त्याच्याभोवती ठरल्याप्रमाणे वर्तुळ आले नाही, तर त्या दिवसाची परीक्षाच रद्द.

वर्तुळ काय सांगत नाही?

पहिली गोष्ट, मोठे वर्तुळ म्हणजे जास्त चांगले औषध, असे नाही. लहान रेणूचे औषध जेलीतून भरभर पसरते, मोठ्या रेणूचे रेंगाळते. प्रत्येक औषधाची मिलिमीटरची मर्यादा वेगळी ठरलेली असते. दोन औषधांच्या वर्तुळांची थेट तुलना करणे म्हणजे किलो आणि लीटरची तुलना.

दुसरी गोष्ट, स्वच्छ जागा म्हणजे जंतू वाढले नाहीत, इतकेच. ते मेले की नुसते थांबले, हे वर्तुळ सांगत नाही. ते पाहायला त्या स्वच्छ जागेतला अंश नव्या, औषध नसलेल्या जेलीवर ठेवतात. तिथे जंतू उगवले तर ते मेले नव्हते, झोपले होते.

तिसरी गोष्ट, औषध पट्टीतून बाहेरच येत नसेल तर वर्तुळ होणार नाही. तरीही पट्टीला टेकलेले जंतू मरत असतील. म्हणून दुसरी परीक्षा लागते.

परीक्षा दुसरी : मोजणी

मोजलेले जंतू घातलेल्या द्रवात पट्टी ठेवतात. ठरावीक तासांनी त्यातले थोडे पाणी घेऊन दहापट, पुन्हा दहापट असे पातळ करतात आणि जेलीवर पसरतात. जिवंत असलेला एकेक जंतू वाढून डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार करतो. ठिपके मोजले की किती जंतू वाचले ते कळते.

९९.९ टक्के हा आकडा इथला आहे. औषधाला जंतू 'मारणारे' म्हणायचे तर निदान एवढी घट दिसावी, असा शास्त्रातला सर्वसाधारण दंडक आहे. पण हिशेब करून पाहा. १० लाख जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले, तर १ हजार उरले. प्रयोगशाळेतल्या पोषक द्रवात काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. १ हजाराचे १० लाख व्हायला दहा वेळा दुप्पट व्हावे लागते, म्हणजे २०० मिनिटे. औषध संपले की तीन तास वीस मिनिटांत पहिले पाढे पंचावन्न. आकडा खोटा नाही, पण तो पूर्ण गोष्ट सांगत नाही.

परीक्षा तिसरी : दिवस

पट्टी पहिल्या दिवशी बरेच औषध एकदम सोडते, कारण वरवरचे औषध आधी सुटते. नंतर आतले हळूहळू येते. म्हणून तीच पट्टी रोज नव्या बशीत ठेवतात. समजा पहिल्या दिवशी वर्तुळ २४ मिलिमीटर, तिसऱ्या दिवशी १५ आणि सहाव्या दिवशी काहीच नाही. मग ती पट्टी पाच दिवसांची. तिला पंधरा दिवसांची म्हणता येणार नाही. जोडीला पट्टी ३७ अंशांच्या खारट द्रवात ठेवून रोज किती औषध सुटले, तेही मोजतात.

शेवटचे दिवस सर्वांत धोक्याचे. औषध येत असते, पण जंतू मरतील इतके नसते. अशा अर्ध्या माराने कमजोर जंतू मरतात आणि निबर उरतात. पुढे त्यांचीच पिलावळ वाढते. अर्धाच कोर्स घेऊन गोळ्या सोडणे वा कॅप्सूल फोडून तिची पूड जखमेवर टाकणे, यातूनही हेच घडू शकते. कॅप्सूल पोटात जाऊन रक्तात उतरण्यासाठी बनवलेली असते. तिची पूड जखमेवर किती आणि कुठवर पोहोचते, याची कसलीच परीक्षा झालेली नसते. वर पुवाचा आणि त्या पुडीचा खपला बसतो आणि खाली जखम कुजत राहते.

परीक्षा चौथी : माणसाच्या पेशी

जंतू तर ब्लीचिंगनेही मरतात, म्हणून आपण ते जखमेवर ओतत नाही. नवी कातडी घडवणाऱ्या जिवंत पेशी बशीत वाढवून त्यांच्यासोबत पट्टी किंवा तिचा अर्क ठेवतात. जंतू मेले आणि पेशीही मेल्या, तर ती पट्टी नापास. पट्टी आधी निर्जंतुक करावी लागते. तिला फार उष्णता सोसत नाही, म्हणून किरण किंवा वायू वापरतात. त्यानंतरही औषधाची ताकद टिकली का, हे पुन्हा तपासतात.

बशी आणि पाय

आता भाऊंच्या पायाकडे परत येऊ. प्रयोगशाळेत बहुधा ठरावीक, ओळखीचे, संग्रहात जपून ठेवलेले जंतू वापरतात. सगळ्या जगातल्या लॅबचे निकाल जुळावेत म्हणून ते योग्यच आहे. पण गटार आणि कचऱ्यात काम करणाऱ्याच्या पायात शिरलेले जंतू त्या संग्रहातले नसतात. त्यांनी अनेक औषधे पचवलेली असतात.

बशीतली जेली स्वच्छ असते. जखमेत पू, रक्त आणि मेलेले मांस असते. पू औषधाला अडवतो. पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो, तसा थर जुन्या जखमेत जंतूही धरतात. त्या थराच्या आत औषध सहज पोहोचत नाही. शुगरमध्ये पायाचा रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, मग शरीराची स्वतःची फौजच तिथे पोहोचत नाही. बशीत यातले काहीही नसते.

म्हणून चांगली पट्टीसुद्धा साफसफाईला जोड असते, तिचा पर्याय नसते. एक खरे उदाहरण घ्या. हिरड्यांच्या आजारासाठी जिलेटिनची एक इवलीशी चकती मिळते. ४ बाय ५ मिलिमीटरची, त्यात २.५ मिलिग्रॅम क्लोरहेक्सिडिन. दात आणि हिरडीमधल्या खोल फटीत डॉक्टर ती ठेवतात, सात ते दहा दिवसांत ती विरघळते. अमेरिकेत १९९८ साली तिला परवानगी मिळाली. पण कशी? दातांची मुळापर्यंत सफाई केल्यानंतर, त्या सफाईला जोड म्हणून. आधी घाण काढा, मग चकती ठेवा. आम्ही भाऊंच्या पायात नेमके उलटे केले. घाण आत ठेवली आणि वरून पापुद्रा झाकला.

आपल्या हातात काय आहे?

त्याच वर्तुळाची परीक्षा आपल्या स्वतःच्या जंतूंवर करून मिळते. तिचे नाव कल्चर-सेन्सिटिव्हिटी. जखमेतल्या पुवाचा किंवा आतल्या मांसाचा नमुना घेतात, जंतू वाढवतात आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांचे गोल ठेवतात. रिपोर्ट यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. रिपोर्टवर औषधासमोर 'एस' असेल तर ते लागू पडण्याची शक्यता आहे. 'आय' म्हणजे मधले, डोस वाढवून किंवा विशिष्ट ठिकाणीच उपयोगी. 'आर' म्हणजे जंतू जुमानत नाहीत. कंसात मिलिमीटर दिलेले असतील तर सर्वांत मोठा आकडा शोधून स्वतःच औषध ठरवू नका. का, ते वर सांगितलेच आहे. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

नमुना शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी द्यावा. आधीच गोळ्या घेतल्या असतील तर लाजू नका, नावे सांगा, रिकामी पाकिटे दाखवा. आणि जखम धुऊन झाल्यावर आतला नमुना घ्या, असे म्हणायला घाबरू नका. वरच्या घाणीतले जंतू आणि आत कुरतडणारे जंतू वेगळे असू शकतात.

घरात जखम झाली तर आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुवा. चुना, शेण, तंबाखू, कॅप्सूलची पूड काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. शुगर असेल तर रोज रात्री तळपाय पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. पायाला जखम दिसली, मग ती दुखो न दुखो, तर दवाखाना गाठा. लाली पसरते आहे, पू किंवा वास येतो आहे, कातडी काळी पडली आहे किंवा ताप आहे, तर त्याच दिवशी. उद्यावर ढकलू नका. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. महात्मा फुले योजनेत उपचार बसतो का, हे त्याला विचारा. तो आपला हक्क आहे.

आणि कोणी महागडी औषधी पट्टी पुढे केली, तर हे चार प्रश्न विचारा. यात कोणते औषध आहे? माझ्या जखमेतल्या जंतूंवर ते चालते का? किती दिवस चालते? लावण्यापूर्वी जखम कोण साफ करणार? उत्तर देता आले नाही, तर ते पैसे रिक्षाभाड्याला ठेवा आणि सरकारी दवाखाना गाठा.

प्रश्न सफाई कामगारांच्या बुटांचाही आहे. ज्यांच्या हातापायांवर शहर स्वच्छ राहते, त्यांना जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे ठेकेदाराने दिलेच पाहिजेत. बूट असते तर काच पायापर्यंत पोहोचली नसती. कोणत्याही पट्टीपेक्षा तो बूट मोठे औषध आहे. त्यासाठीचे निवेदन आमच्या गटाने तयार केले आहे. विहारात येऊन सही करा.

जुलाबाने आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा आपल्याला माहीत आहे. त्यांनीही आधी धुतले. भाऊ आता काठी घेऊन चालतात. आमच्या पुढच्या शिबिरात ते स्वतः बसणार आहेत, प्रत्येकाचा तळपाय पाहायला. आम्ही त्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, माझं झालं ते झालं. दुसऱ्याचं नको व्हायला."

जय भीम.